दूध बाधणाऱ्या लेकराचे पहिले वर्ष

माझ्या धाकट्या मुलाचा जन्म मागच्या वर्षीच्या नवरात्रातला. तो दीड महिन्याचा असताना एका सकाळी त्याचे लंगोट बदलताना शेंबडासारख्या चिकट शीमध्ये लाल दोऱ्यासारखी रक्ताची रेघ दिसली. लंगोट वडिलांच्या जुन्या पांढऱ्या धोतराचे होते म्हणून ती दिसली; रंगीत कापड असते तर कदाचित आणखी आठ दिवस लक्षातही आले नसते. त्या रेघेपासून ‘गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी’ हे नाव आमच्या कानी पडेपर्यंत पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत आम्ही जे जे केले त्यातले बरेचसे चुकले, आणि तसे करायला सांगणारा प्रत्येक जण बाळाच्या भल्यासाठीच सांगत होता. आमच्याकडे, म्हणजे लातूर-नांदेडच्या या पट्ट्यात, लेकराला दूध बाधते ही गोष्टच कुणाच्या मनाला पटत नाही. माझ्यासारख्याच एखाद्या आईला हे अगोदर वाचायला मिळावे, एवढ्यासाठी सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितलेले, मी नंतर वाचून पडताळलेले आणि घरात प्रत्यक्ष अनुभवलेले तेवढेच येथे आहे.

पहिल्या बाळंतपणाप्रमाणे याही वेळी मी माहेरी होते. कंधार तालुक्यात आमची शेती आहे आणि दारात दोन म्हशी आहेत. बाळंतिणीला दूध यायचे तर बाळंतिणीने दूध प्यायला हवे, हे आमच्या घरी इतके पक्के मानलेले आहे, की त्यावर कधी बोलणेही होत नाही. सकाळी दुधातली अळिवाची खीर, सोबत तुपात वळलेला डिंकाचा लाडू, दुपारी दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, संध्याकाळी शतावरी घातलेले तांब्याभर दूध आणि रात्री पुन्हा पेलाभर. दिवसाकाठी दीड लिटर दूध माझ्या पोटात जात होते. आईने हे सगळे पहाटे उठून, स्वतः धार काढून केले, आणि तिच्या त्या कष्टांबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञतेशिवाय दुसरे काही नाही. मात्र मी खाल्लेल्या दुधातील प्रथिनांचे अगदी सूक्ष्म अंश माझ्या अंगावरच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचत होते, हे आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते.

रक्त दिसल्यावर आम्ही ज्या दवाखान्यात गेलो तेथे आधी ‘आव पडली आहे’ असे निदान झाले आणि जंतुनाशक औषध मिळाले. आठ दिवसांत फरक पडला नाही. मग सांगण्यात आले, की आईचे दूध बाळाला पचत नाही. ते बंद करून लॅक्टोज नसलेल्या पावडरचा डबा सुरू करावा. मी ते ऐकले. दोन आठवडे अंगावर पाजणे पूर्ण बंद ठेवले, छाती दगडासारखी भरून येत असे आणि मी न्हाणीत जाऊन दूध पिळून टाकत असे. बाळ मात्र सुधारण्याऐवजी खालावले. प्रत्येक वेळी पाजल्यावर अर्धे दूध उलटून पडू लागले, गालांवर आणि कोपरांच्या खोबणीत खडबडीत लाल चट्टे उठले, आणि रेघेच्या जागी आता रक्ताचे ठिपके सगळ्या शीमध्ये दिसू लागले.

येथे जो घोळ झाला तो फार ठिकाणी होतो, म्हणून तो नीट सांगते. लॅक्टोज ही दुधातली साखर आहे. ती न पचणे हा निराळा त्रास आहे. त्यात पोट फुगते, आंबट पातळ जुलाब होतात, पण शरीराची प्रतिकारशक्ती त्यात भाग घेत नाही. ॲलर्जी होते ती दुधातल्या प्रथिनांची. दूध नासले की जो घट्ट चोथा वेगळा होतो त्यात केसीन नावाची प्रथिने असतात आणि जी पिवळसर निवळी उरते तिच्यात व्हे नावाची. ॲलर्जी असलेल्या बाळाचे शरीर या दोहोंपैकी एका किंवा दोन्ही गटांना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते. लॅक्टोज काढलेल्या डब्यात ही दुधातली साखर नसते, प्रथिने मात्र सगळी असतात. म्हणजे अंगावरच्या दुधातून जे कणभर जात होते ते थांबवून आम्ही तेच मापाने, दिवसातून आठ वेळा, बाळाला पाजत होतो.

लातूरच्या दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी सर्वांत आधी वजनाचा तक्ता मांडला. जन्मताना २.८ किलो, दीड महिन्याला ४ किलो आणि अकराव्या आठवड्यात अवघे ४.३ किलो. या वयात बाळाचे वजन दिवसाला २५ ते ३० ग्रॅमने वाढायला हवे, म्हणजे त्या पाच आठवड्यांत सुमारे ९०० ग्रॅम ते एक किलो. आमचे वाढले होते ३०० ग्रॅम. त्यांनी शीची तपासणी करून घेतली, गुदद्वाराला चीर पडलेली नाही ना हे पाहिले, आणि मग मला विचारले, “ताई, तुम्ही स्वतः दूध किती पिता?” तोवर हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता.

त्यांनी समजावले ते असे. ही ॲलर्जी दोन तऱ्हांनी दिसते. एका तऱ्हेत दूध पोटात गेल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात, ओठ आणि डोळे सुजतात, उलट्या होतात, छातीतून सूं सूं आवाज येतो; हिचा अंदाज रक्ताच्या किंवा त्वचेच्या तपासणीने घेता येतो. दुसऱ्या तऱ्हेत त्रास कित्येक तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी दिसतो आणि तो बहुधा आतड्यांचा आणि त्वचेचा असतो: शीमध्ये रक्त आणि आव, सतत उलटणे, चट्टे, वजन न वाढणे. आमची ही दुसरी. हिच्यासाठी कोणतीही खात्रीची रक्ततपासणी नाही. दूध पूर्ण काढायचे, दोन ते चार आठवडे वाट पाहायची, त्रास थांबला तर दूध परत देऊन पाहायचे आणि त्रास परत आला तरच ॲलर्जी म्हणायचे. हीच तिची तपासणी.

आणि मग त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी तेथेच रडले. अंगावरचे दूध बंद करण्याची गरजच नव्हती. आईच्या दुधातली स्वतःची प्रथिने बाळाला बाधत नाहीत. बाधतात ते आईच्या ताटातून आलेले गाई-म्हशीच्या दुधाचे अंश. म्हणून थांबवायचे ते ताटातले दूध. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये ही ॲलर्जी तशी विरळाच आढळते, आणि आढळली तरी आईने पथ्य पाळून पाजत राहणे हाच पहिला उपाय आहे.

माझे दूध दोन आठवड्यांत खूप आटले होते. ते परत येईपर्यंत बाळाला एक वेगळा डबा द्यावा लागला. साध्या पावडरमधली प्रथिने कात्रीने कापावीत तशी या डब्यात बारीक बारीक तुकडे करून घातलेली असतात, त्यामुळे शरीर त्यांना ओळखत नाही. ॲलर्जीच्या किमान ९० टक्के बाळांना हा डबा चालतो. ज्यांना तोही चालत नाही किंवा ज्यांचा त्रास फार गंभीर असतो त्यांच्यासाठी प्रथिनांचे पूर्ण सुटे घटक, म्हणजे अमिनो आम्ले, असलेला डबा मिळतो. अर्धवट तुकडे केलेल्या प्रथिनांचेही डबे दुकानात असतात. ते ॲलर्जी झालेल्या बाळासाठी नाहीत, आणि औषध दुकानदार एकाच्या जागी दुसरा देऊ शकतो, म्हणून चिठ्ठीवरचे पूर्ण नाव डब्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. हे डबे महाग असतात. साध्या डब्याच्या कित्येक पट किंमत, आणि ४०० ग्रॅमचा डबा पूर्णपणे त्यावरच असलेल्या बाळाला जेमतेम चार दिवस पुरतो. हा खर्च झेपत नसलेल्या घरात डॉक्टरांशी हे स्पष्टपणे बोलावे. पैसे वाचवण्यासाठी पावडर पातळ करून पाजणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण त्यात बाळ उपाशी राहते आणि ते आपल्याला कळत नाही.

त्या पावडरचा वास उकडलेल्या बटाट्याच्या सालांसारखा आणि चव कडसर. बाळाने पहिले दोन दिवस तोंड फिरवले. मी बाटली आणली नव्हती. आईने माळ्यावरून माझ्याच लहानपणीचे चांदीचे बोंडले काढले, ते दहा मिनिटे उकळले आणि त्याच्या चोचीने ती थेंब थेंब गालाच्या आत सोडत बसली. तिसऱ्या दिवशी बाळ ते घेऊ लागले. शी हिरवट झाली आणि तिचा वास बदलला, तेव्हा आम्ही पुन्हा घाबरलो. पण या पावडरवर असे होणे स्वाभाविक असते. पाण्याची काळजी आमच्याकडे वेगळी घ्यावी लागते. उन्हाळ्यात टँकर आणि एरवी बोअर, त्यामुळे पाणी प्रत्येक वेळी खळखळून उकळावे, ते अगदी गार होऊ न देता गरम असतानाच पावडर मिसळावी, मग भांडे गार पाण्यात धरून कोमट करावे आणि उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.

दरम्यान दर दोन तासांनी आधी छातीला लावायचे आणि मगच बोंडले, असा क्रम मी धरला. रात्री दोन वेळा गजर लावून उठले. तीन आठवड्यांनी डबा निम्म्यावर आला आणि पाचव्या आठवड्यात पूर्ण सुटला. अंगावरचे दूध एकदा आटले की परत येत नाही, असे आमच्याकडे सगळ्या जणी सांगतात. ते खरे नाही.

पथ्य पाळताना दूध किती ठिकाणी लपलेले असते ते कळले. चहा, दही, ताक, कढी, लोणी, खवा, पेढे हे तर उघड आहे. दशमी दुधात मळतात, धपाट्यात दही घालतात, बेकरीच्या पावात आणि जवळजवळ प्रत्येक बिस्किटात दुधाची भुकटी असते. पाकिटावर केसीन, व्हे, मिल्क सॉलिड्स, दुधाची भुकटी यांपैकी एकही शब्द असला तर ते पाकीट परत ठेवायचे. आपल्या देशात पाकिटावर दुधाचा उल्लेख ॲलर्जी होणारा पदार्थ म्हणून करणे बंधनकारक आहे, त्यामुळे घटकांच्या यादीखालची ओळ जरूर वाचावी. शाकाहाराचा हिरवा ठिपका मात्र येथे काहीच सांगत नाही, कारण आपल्याकडे दूध शाकाहारातच मोडते.

सगळ्यात मोठा वाद झाला तो तुपाचा. तूप कढवून गाळलेले असते, त्यात दूध कुठले, असे आईचे म्हणणे. कढवल्याने बहुतेक प्रथिने बेरीबरोबर खाली बसतात हे बरोबर आहे, पण थोडे अंश तुपात राहतातच. डॉक्टरांनी तपासणीच्या चार आठवड्यांत तरी तूपही बंद ठेवायला सांगितले. डिंकाचे लाडू मग करडईच्या तेलात डिंक तळून गुळाच्या पाकात वळले गेले. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून गुळाबरोबर खाल्ले. चहा कोरा. दूध बंद केल्यावर आईच्या हाडांची झीज होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिले, ते मी एकही दिवस चुकवले नाही. शिवाय तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि नाचणीची भाकरी. नाचणी आमच्या भागात पिकत नाही, किराणा दुकानातून आणावी लागते. पण १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि आपल्या ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, हे समजल्यावर ती आणणे भागच होते.

पथ्य सुरू करून आठवडा झाला तोच येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण, आली. शेतात कडब्याची खोप, सगळे भाऊबंद जमलेले, आणि बाळंतीण म्हणून माझ्या ताटात प्रत्येकीचा हात. भज्जी खाल्ली, बाजरीचे उंडे खाल्ले, शेंगदाण्याची पोळी तेल लावून खाल्ली. अंबील मात्र ताकातली. माझ्या चुलत सासूबाई तेव्हा म्हणाल्या, “अगं, दुधावरच तर वाढतंय लेकरू. दूध कसं बाधंल त्याला? घोटभर पी, काय होत नाही.” त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी सहा लेकरे दुधावर वाढवली आहेत. पण या पथ्यात घोटभर म्हणजेही घोटभर दूधच असते, आणि एका घोटाने पुढचे चार-पाच दिवस वाया जातात. कारण सुजलेले आतडे पुन्हा शांत व्हायला तेवढा वेळ लागतो.

पोटात जाणाऱ्या दुधावर आम्ही इतका पहारा ठेवला आणि त्वचेवरचे दूध विसरून गेलो. मालिशवाल्या मावशी बाळाला रोज हरभऱ्याच्या डाळीचे पीठ साईत कालवून लावत. चट्टे नेमके तेथेच जास्त होते जेथे साय चोळली जाई. चट्टे उठलेल्या त्वचेतून दुधाची प्रथिने आत जातात आणि ॲलर्जी आणखी भडकवू शकतात. साय आणि पीठ दोन्ही बंद केले, साधे खोबरेल ठेवले. गुटीचेही तेच: सहाणेवर उगाळलेली गुटी आमच्याकडे गाईच्या दुधात देतात. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काही देऊ नये हा नियम कोणत्याही बाळासाठी आहे, आणि ॲलर्जीच्या बाळासाठी तो दुपटीने पाळावा.

आता त्या सल्ल्याविषयी, जो मला सर्वांत अधिक वेळा मिळाला: दूध बदला. जर्सीचे नको, देवणी गाईचे द्या. लाल कंधारीचे द्या, ते ए-टू असते. शेळीचे द्या, ते हलके असते. आमचा भाग देवणी, लाल कंधारी आणि उस्मानाबादी शेळी यांचा आहे, त्यांचा आम्हाला अभिमान आहे, आणि म्हणूनच हा सल्ला मनाला लगेच भिडतो. पण ए-वन आणि ए-टू या दुधांतला फरक बीटा केसीन या एका प्रथिनाच्या लांबलचक साखळीतल्या केवळ एका कडीचा, म्हणजे एका अमिनो आम्लाचा आहे. बाकी साखळी तीच, इतर केसीन तीच, व्हे प्रथिनेही तीच. ज्या बाळाचे शरीर या प्रथिनांवर उलटते त्याला देवणीचे दूध तितकेच बाधते. म्हशीचे तसेच. शेळीच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधातील प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या १० पैकी ९ बाळांना शेळीचेही दूध बाधते. शिवाय त्यात फोलेट फार कमी असल्याने ज्या तान्ह्या बाळाला केवळ शेळीच्या दुधावर ठेवतात त्याच्यात रक्ताची कमतरता होऊ शकते. याविषयी माझे मत ठाम आहे: ॲलर्जीच्या बाळासाठी जनावर बदलून पाहणे हा प्रयोग घरी कोणी करू नये. तात्काळ प्रकारची ॲलर्जी असेल तर तो जिवावर बेतू शकतो.

सोयाबीनही सुचवले गेले, आणि का सुचवू नये, आमच्या घरात खरिपाची सोयाबीनची पोती थप्पीला लागलेली असतात. बाळांसाठी तयार केलेला सोयाचा डबा हा एक पर्याय आहे, पण सहा महिन्यांच्या आत तो पहिला पर्याय मानत नाहीत, आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही बाधतो. घरी सोयाबीन भिजवून काढलेले दूध, बदामाचे दूध, नारळाचे दूध किंवा तांदळाची पेज ही वर्षाच्या आतील बाळाच्या मुख्य दुधाची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांत प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि क्षार बाळाला लागतात त्या प्रमाणात नसतात.

पथ्याच्या चौथ्या दिवशी उलट्या कमी झाल्या. दहाव्या दिवसानंतर लंगोटावर रक्त दिसले नाही. चट्टे उशिरा, तिसऱ्या आठवड्यात निवळले. चार आठवड्यांत वजन ८५० ग्रॅमने वाढले. आणि संक्रांत होऊन गेल्यावर डॉक्टरांनी सांगितले, की आता तुम्ही आठवडाभर रोज दूध-दही खा. मला ते अगदी नको होते. इतक्या कष्टाने बरे केलेले लेकरू मुद्दाम पुन्हा आजारी का पाडायचे? पण त्यांचे कारण योग्य होते. कित्येक बाळांचे उलटणे, रडणे, चट्टे हे वयाबरोबर आपोआप कमी होतात आणि श्रेय फुकट पथ्याला मिळते. परत देऊन न पाहिल्यास अशी आई वर्षभर विनाकारण उपाशीतापाशी राहते. त्याच दवाखान्यात भेटलेल्या परभणीच्या एका बाईंचे असेच झाले: परत दूध सुरू केल्यावर बाळाला काहीही झाले नाही, आणि त्या त्याच दिवसापासून पथ्यातून मोकळ्या झाल्या. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी पहाटे तीच लाल रेघ आली. मी लंगोटाचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि पथ्य पुन्हा सुरू केले. या वेळी मात्र मनात शंका उरली नव्हती. एक खबरदारी येथे लिहिलीच पाहिजे: ही परत देण्याची तपासणी घरी करता येते ती फक्त उशिराच्या, सौम्य प्रकारात आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून. ज्या बाळाला दुधानंतर लगेच गांधी, सूज किंवा दम लागला असेल त्याची तपासणी दवाखान्यातच होते.

चैत्रात बाळाला सहा महिने पूर्ण झाले आणि उष्टावण आले. मामाने सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची ही रीत. आमच्याकडे खपली गव्हाची खीर करतात, आणि ती शिजते पाण्यातच. दूध आणि तूप वरून घालतात. बाळाची वाटी दूध घालण्यापूर्वी वेगळी काढली. रीतही राहिली आणि पथ्यही. गव्हाचीही त्याची ती पहिलीच ओळख, म्हणून त्यानंतर तीन दिवस नवे काही दिले नाही.

वरच्या अन्नात खरी अडचण तुपाचीच होती. मऊ वरणभातावर तूप हे आपल्याकडे बाळाचे पहिले अन्न. त्या तुपातून मिळणारी शक्ती कशाने भरून काढायची? मी दर वाटीत चमचाभर करडईचे किंवा शेंगदाण्याचे घाण्याचे तेल घातले. ज्वारीच्या पिठाची दाट पेज, मुगाच्या डाळीचा गुरगुट्या भात, लाल भोपळा, शेवग्याच्या पाल्याची सुकवून केलेली पूड चिमूटभर, नाचणीचे सत्त्व पाण्यात शिजवून. एका वेळी एकच नवा पदार्थ आणि मध्ये तीन दिवसांचे अंतर, कारण तीळ आणि शेंगदाणे यांचीही ॲलर्जी असू शकते. मात्र भीतीपोटी ते टाळत राहणेही बरोबर नाही. शेंगदाण्याचा बारीक वाटून पातळ केलेला लेप मी सातव्या महिन्यात दिला. अख्खा दाणा अर्थातच नाही, तो घशात अडकतो. बाजारातले तयार बाळखाद्य आणायला गेले तर बहुतेक डब्यांत दुधाची भुकटी निघाली, म्हणून तो विचार सोडून दिला. लोहाचे थेंब आणि ड जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० युनिट चालू ठेवले. अंगणवाडी ताई दर महिन्याला वजन घेऊन तक्त्यावर ठिपका मांडत, आणि नवव्या महिन्यात तो ठिपका प्रथमच हिरव्या पट्ट्याच्या मध्यावर आला तेव्हा त्यांनीच मला बोलावून दाखवला.

धोक्याच्या खुणाही सांगते, कारण त्या वाट पाहण्याच्या नाहीत. दूध किंवा दुधाचा पदार्थ पोटात गेल्यावर ओठ-जीभ सुजणे, श्वास घेताना आवाज येणे, बाळ फिके किंवा निळसर पडून लुळे होणे, एकामागून एक उलट्या होऊन बाळ मलूल होणे: यांत घरगुती उपाय नाही, १०८ ला फोन करायचा. बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल आणि जांभळाच्या रसासारखी गडद रक्ताळ शी झाली तर ते आतड्यात आतडे अडकल्याचे लक्षण असू शकते. ती ॲलर्जी समजून घरी थांबू नये.

बहुतेक बाळांची ही ॲलर्जी वाढत्या वयाबरोबर जाते, आणि उशिराच्या प्रकारात तर अनेकांची पहिल्या-दुसऱ्या वर्षातच. दसऱ्यानंतर, बाळ वर्षाचे झाल्यावर, आम्ही दुधाची शिडी चढायला सुरुवात केली. दूध पिठात मिसळून भट्टीत कडक भाजले की त्यातल्या काही प्रथिनांची घडी उष्णतेने मोडते आणि ती कमी बाधतात. म्हणून पहिली पायरी बिस्किटाची. पहिल्या दिवशी बोटाच्या पेराएवढा तुकडा, मग पाव बिस्किट, मग अर्धे, मग पूर्ण. तीन आठवड्यांत काही झाले नाही. दुसरी पायरी केकच्या तुकड्याची होती, तीही पार पडली. तिसऱ्या पायरीला डॉक्टरांच्या कागदावर दुधातले पॅनकेक लिहिलेले होते. मी त्यांना विचारले, की आमच्याकडे दुधात मळलेली दशमी तव्यावर भाजतात, ती चालेल का? त्यांनी दोन्ही बाजूंनी चांगली भाजून, बोटभर तुकड्यापासून सुरू करायला सांगितले. गेले सहा दिवस तो दशमीचा तुकडा खात आहे आणि लंगोट स्वच्छ आहे.

दही, ताक आणि नुसते तापवलेले दूध या अगदी वरच्या पायऱ्या आहेत. तेथे पोहोचायला अजून काही महिने लागतील. येळवस पुन्हा जवळ आली आहे. ज्वारीच्या पिठाची अंबील शिजली की ताक घालण्याच्या आधी त्याची वाटी वेगळी काढून ठेवायची, असे चुलत सासूबाईंनी या वेळी स्वतःच ठरवले आहे.